निळ्या पाण्याचा जमाखर्च

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, आगाशी-नंदाखालपासून निर्मळ-भुईगावपर्यंत पसरलेल्या वाड्यांमधून, अलीकडे दोन निराळ्या जातींचे जलाशय शेजारी शेजारी नांदताना दिसतात. त्यांपैकी एक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे बावखल: पावसाचे पाणी साठावे आणि रहाटाने ते केळी-पानवेलींना पाजता यावे म्हणून पूर्वजांनी जमिनीत खणून ठेवलेले, हिरवट पाण्याचे, काठाला गवताने वेढलेले, मासे, बेडूक आणि खंड्या पक्ष्याची वस्ती असलेले गोड्या पाण्याचे तळे. दुसरा म्हणजे राजोडी, कळंब, अर्नाळा या बाजूला नव्याने उठलेल्या बंगल्यांच्या अंगणातील तरणतलाव, निळ्या लाद्यांनी मढविलेला आणि इतका नितळ की तळाशी पडलेले नाणे काठावरून ओळखू यावे. बावखलाला कोणी औषध घालीत नाही, त्याचे पाणी कोणी पंपाने फिरवीत नाही, तरी ते वर्षानुवर्षे आहे तसे राहते. आणि हा स्फटिकासारखा तरणतलाव मात्र, धनी मे महिन्यात चार दिवस परगावी जाऊन आला की, हिरवागार झालेला आणि भिंतींवर बुळबुळीत थर धरलेला आढळतो. गढूळ दिसणारे पाणी टिकाऊ आणि नितळ दिसणारे पाणी नाशवंत, हा उलटा न्याय कसा, हे कोडे ज्याला उलगडले त्याला तरणतलावाच्या देखभालीचे सारे शास्त्र उलगडले असे समजावयास हरकत नाही.

पाणी कोण स्वच्छ ठेवतो?

पाणी आपण होऊन स्वच्छ राहत नाही. ते कोणीतरी सतत स्वच्छ ठेवीत असते. बावखलात पडलेले पान तळच्या गाळातील जीवाणू कुजवितात. त्या कुजण्यातून आणि माशांच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचे दुसऱ्या प्रकारचे जीवाणू प्रथम नायट्राइटात आणि मग नायट्रेटात रूपांतर करतात. ते नायट्रेट पाणवनस्पती आणि शेवाळ खत म्हणून उचलतात. शेवाळावर किडे व मासे जगतात. डासांच्या अळ्या मासे आणि चतुरांची पाण्यात वाढणारी पिल्ले फस्त करतात. आणि मातीच्या काठांतून बावखलाची भूजलाशी अखंड देवघेव चालू असते. या सर्वांच्या समतोलामुळे ते पाणी हिरवे दिसले तरी सडत नाही. अर्थात ते निर्जंतुक नव्हे, आणि पिण्यास वा नाकातोंडात जाऊ देण्यास योग्य नव्हे. ते जिवंत पाणी आहे, एवढेच त्याविषयी खात्रीने म्हणता येते.

तरणतलावावर पडणारा मळ याच जातीचा असतो. वाऱ्याबरोबर येणारी धूळ, सुरूची सुईसारखी पाने, पक्ष्यांची विष्ठा आणि यांखेरीज पोहणाऱ्यांचा घाम, तेल व त्वचेचे कण, हे सारे त्यात रोज पडते. परंतु ते संपविणारा एकही जीव तेथे नाही, कारण तळाला माती नाही, काठाला वनस्पती नाही, आणि मासे तर आपणच येऊ देत नाही. सबब जे काम बावखलात शेकडो जाती वाटून घेतात, ते येथे माणसाला तीन साधनांनी करावे लागते: पाणी फिरते ठेवणे, ते गाळणे, आणि त्यात जंतुनाशक द्रव्य सदैव शिल्लक राखणे. यांतील एक जरी थांबले तरी पाणी बावखल होत नाही, कारण बावखल होण्यास लागणारा परिवार त्यात नसतो. ते केवळ बेवारस होते. अशा बेवारस पाण्यात प्रथम येतात ती शेवाळाची सूक्ष्म बीजे आणि डासांची अंडी, त्यांना खाणारे मात्र येत नाहीत. उबदार गोड्या पाण्यात वाढणारा आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा, ज्याने केरळात २०२४ आणि २०२५ या वर्षांत बळी घेतले, त्यालाही पुरेसा क्लोरिन नसलेले पाणी मानवते. म्हणून मला असे निश्चित वाटते की, ज्याला तरणतलावाची निगा रोज राखता येणार नाही त्याने तो बांधूच नये. अर्धवट निगा ही येथे निगा नसण्याइतकीच घातक आहे.

गाळणीचे काम आणि त्याची मर्यादा

घरगुती तरणतलावाचे एक मध्यम माप धरू: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.३ मीटर खोल. त्यात सुमारे ४२,००० लिटर पाणी मावते. पंप हे पाणी दोन ठिकाणांहून ओढतो, पृष्ठभागालगतच्या खिडकीतून तरंगता कचरा आणि तळाच्या जाळीतून बसलेला गाळ, आणि ते वाळूने भरलेल्या बंद पिंपातून ढकलून परत तलावात सोडतो. सारे पाणी एकदा फिरण्यास सहा तास लागावेत इतक्या ताकदीचा, म्हणजे तासाला ७,००० लिटर ओढणारा पंप या मापाला पुरेसा होतो.

येथे अनेकांचा असा समज होतो की, सहा तास पंप चालला म्हणजे पाण्याचा थेंब न्‌ थेंब गाळला गेला. वस्तुतः तसे घडत नाही. गाळलेले पाणी वेगळ्या टाकीत जात नसून त्याच तलावात न गाळलेल्या पाण्यात मिसळते, आणि पंप पुढच्या क्षणी जे पाणी ओढतो त्यात आधी गाळलेल्याचाही हिस्सा असतो. या मिसळण्याचे गणित केले तर एका फेऱ्यात सुमारे ६३ टक्के, दुसऱ्या फेऱ्याअखेर ८६ टक्के आणि तिसऱ्याअखेर ९५ टक्के पाणी निदान एकदा गाळणीतून गेलेले असते. म्हणून तलाव गढूळ झाला असता तास-दोन तास पंप चालवून पाणी का निवळत नाही असे विचारण्यात अर्थ नाही. अशा वेळी तो अहोरात्र चालवावा लागतो. एरवी रोज आठ तास पुरतात, आणि ते दिवसाउजेडी असावेत हे बरे, कारण शेवाळाची वाढ आणि क्लोरिनचा नाश ही दोन्ही कामे सूर्य करतो.

पिंपातील वाळूचा कण साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि अशा कणांच्या फटींतून एक मिलिमीटरच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या हिश्श्याएवढा कण तेवढा अडतो. जीवाणू त्याहून कितीतरी लहान असल्यामुळे ते बिनबोभाट पार होतात. गाळणी पाणी नितळ करते, निर्जंतुक करीत नाही, हा भेद ध्यानात राहिला नाही म्हणजे नितळ पाणी पाहून माणूस फसतो. यात आणखी एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट अशी की, थोडी मळलेली वाळू स्वच्छ वाळूपेक्षा अधिक चांगले गाळते, कारण अडलेल्या मळाने फटी अरुंद होतात आणि पुढचा अधिक बारीक मळ त्यांत अडकतो. त्यामुळे दर दोन दिवसांनी वाळू धुण्याचा अतिउत्साह पाणी आणि निर्मळपणा दोन्ही वाया घालवितो. पिंपावरील दाबाचा काटा वाळू धुतल्याच्या दिवशी कोठे होता ते लिहून ठेवावे, आणि तो तेथून प्रतिचौरस सेंटिमीटर अर्ध्या किलोने वर चढला की प्रवाह उलटा करून, म्हणजे ज्याला कामगार बॅकवॉश म्हणतात तो करून, वाळू धुवावी. दोन-तीन मिनिटांच्या या धुण्यात तीन-चारशे लिटर पाणी खर्ची पडते.

वाळूतून निसटणाऱ्या बारीक गढूळपणावर आपल्या घरोघरीचा उपाय, म्हणजे तुरटी, हाच येथेही उपाय आहे. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्‌भार असतो आणि समान भारामुळे ते एकमेकांना दूर लोटीत राहतात, म्हणून ते दिवसेंदिवस खाली बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियम हा भार नाहीसा करते आणि स्वतः चिकट, कापसासारख्या पुंजक्यांच्या रूपाने बाहेर पडून त्या कणांना आपल्यात गोवते. उपरोक्त मापाच्या तलावाला अर्धा किलो तुरटी बादलीत विरघळवून, सायंकाळी सर्वत्र शिंपडून, वाळूचे पिंप वगळून पंपाने पाणी अर्धा तास ढवळावे आणि रात्रभर निश्चल ठेवावे. सकाळी तळावर जो पांढुरका थर दिसतो तो अगदी सावकाश ओढून थेट बाहेर टाकावा; घाई केली तर पुंजके फुटतात आणि रात्रीचे काम व्यर्थ जाते.

भिंती व पायऱ्या घासण्याचे काम मात्र कोणतेही यंत्र पूर्णपणे करू शकत नाही. शिडीच्या मागे, पायऱ्यांच्या कोपऱ्यात, जेथे फिरते पाणी पोहोचत नाही तेथेच शेवाळ प्रथम धरते, आणि एकदा त्याने आपल्याभोवती चिकट आवरण विणले की क्लोरिन त्याच्या आत शिरत नाही. आठवड्यातून दोनदा नायलॉनच्या कुंच्याने ते आवरण फोडणे हा या साऱ्या खटाटोपातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षिला जाणारा उपाय आहे.

रोख, ठेव आणि खर्च

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेल्वाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले, आणि १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी या नगरीने आपल्या पाणीपुरवठ्यात क्लोरिन अखंडपणे मिसळण्यास आरंभ केला. तेव्हापासून आजतागायत पाण्याच्या निर्जंतुकीकरणात या द्रव्याची जागा दुसऱ्या कोणाला फारशी घेता आलेली नाही. तथापि पाण्यात क्लोरिन किती, हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. संसारी माणसाचा पैसा जसा काही हाती रोख, काही पतपेढीत ठेव आणि काही खर्ची पडलेला अशा तीन रूपांत असतो, आणि अडीअडचणीला कामास येते ती फक्त रोख, तशीच पाण्यातील क्लोरिनची स्थिती असते.

रोख म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. त्याच्या रेणूवर विद्युत्‌भार नसल्यामुळे तो जीवाणूच्या कवचातून सहज आत जातो आणि काही सेकंदांत त्याचा नाश करतो. परंतु पाणी जसजसे अल्कधर्मी होते तसतसे हे आम्ल हायपोक्लोराइट या भारित रूपात जाते, आणि त्या रूपाची मारकशक्ती मूळच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास उरते. पाण्याची आम्लता-अल्कता ज्या अंकाने मोजतात तो पीएच ७.२ असता क्लोरिनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग रोख असतो, ७.५ ला निम्मा, ८ ला चौथा हिस्सा, आणि ८.५ ला दहावा हिस्साही नाही. म्हणजे क्लोरिनची पुडी तीच, खर्च तोच, पण पीएच न सांभाळल्यामुळे हाती उरते ती किरकोळ रक्कम. आपल्या अश्रूंचा पीएच ७.४ च्या जवळ असल्यामुळे ७.२ ते ७.६ ही मर्यादा डोळ्यांनाही सुखावह असते, हा एक अनायासे झालेला लाभ.

दुसरा चोर सूर्य. उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या पाण्यातील क्लोरिन पाऊण तासात निम्मा होतो आणि दोन-तीन तासांत नावापुरता उरतो. त्यावरचा बंदोबस्त म्हणजे सायन्यूरिक आम्ल. हे द्रव्य क्लोरिनला आपल्याशी सैलपणे बांधून ठेवते; बांधलेल्या स्थितीत ऊन त्याला फारसे इजा करीत नाही, आणि रोख खर्ची पडली की त्या प्रमाणात ठेवीतून नवी रोख सुटते. परंतु ठेव वाढली की हाती पैसा कमी राहतो, हा नियम येथेही लागू आहे. सायन्यूरिक आम्ल दशलक्ष भागांत ३० ते ५० भाग असावे. १०० च्या पुढे गेले तर कसोटीत क्लोरिन भरपूर दिसूनही शेवाळ वाढत राहते आणि सांभाळणारा चक्रावून जातो.

हे घडते कसे, ते पाहण्यासारखे आहे. बाजारात टीसीसीए ९० या नावाने जी पांढरी भुकटी वा गोळी मिळते तिच्यात क्लोरिन आणि सायन्यूरिक आम्ल दोन्ही एकत्र असतात. तिच्याद्वारे दशलक्षांत १० भाग क्लोरिन घातला की ६ भाग सायन्यूरिक आम्लही पडते. क्लोरिन संपतो, ते मात्र संपत नाही. रोज दोन भाग क्लोरिन लागतो असे धरले तर महिन्यात ३६ भाग आणि तीन महिन्यांत शंभरावर भाग साचतात, आणि मग काही पाणी काढून टाकून नवे भरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून आरंभी टीसीसीएने ठेव पुरेशी करून घ्यावी आणि पुढे द्रवरूप हायपोक्लोराइटवर चालवावे, हाच मला शहाणपणाचा मार्ग दिसतो.

तिसरा प्रकार खर्ची पडलेल्या क्लोरिनचा. घाम आणि मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी संयोग होऊन जे क्लोरामाइन बनतात ते जंतूंना क्वचितच बाधतात, पण डोळे चुरचुरविणे आणि तो सुपरिचित उग्र दर्प पसरविणे हे त्यांचेच काम. त्या दर्पावरून लोक म्हणतात की आज क्लोरिन जास्त पडला. खरी गोष्ट बरोबर उलट असते, कामाचा क्लोरिन संपून त्याचा अवशेष तेवढा उरलेला असतो. त्यावर उपाय, या बद्ध क्लोरिनच्या दहापट मुक्त क्लोरिन सूर्यास्तानंतर एकदम घालून ते संयुग मोडून काढणे, आणि त्याहून चांगला उपाय, पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबण लावून अंघोळ करणे. ज्या मुलाला जुलाब होत आहेत त्याला मात्र पाण्यात उतरूच देऊ नये. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा त्या रोगाचा एक परजीवी नेहमीच्या क्लोरिनमध्ये आठवडाभराहूनही अधिक काळ तग धरतो.

कसोटीच्या पेटीबाबतही येथेच ताकीद द्यावीशी वाटते. पाणी पिवळे करणारी जुनी ऑर्थोटोलिडीनची कसोटी रोख आणि खर्च यांची एकच बेरीज दाखविते; गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी मुक्त क्लोरिन वेगळा दाखविते. हिशेब खरा हवा असेल तर दुसरीच घ्यावी.

चौकट : ४२,००० लिटरच्या तलावाचा तपशील

मुक्त क्लोरिन दशलक्षांत १ ते ३ भाग, पीएच ७.२ ते ७.६, अल्कता (येथे पीएचचा अंक नव्हे, तर तो स्थिर ठेवणारी पाण्यातील क्षारशक्ती) ८० ते १२०, सायन्यूरिक आम्ल ३० ते ५०. क्लोरिन एका भागाने वाढविण्यास शुद्ध क्लोरिन ४२ ग्रॅम लागतो, म्हणजे ३० टक्के शक्तीची ब्लीचिंग पावडर १४० ग्रॅम, किंवा १० टक्क्यांचे द्रवरूप हायपोक्लोराइट सुमारे ४२० मिलिलिटर, किंवा टीसीसीए ९० सुमारे ४७ ग्रॅम. अल्कता दहा भागांनी वाढविण्यास खाण्याचा सोडा सुमारे ७०० ग्रॅम. पीएच चढविण्यास धुण्याचा सोडा, उतरविण्यास पातळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल, थोडे थोडे, प्रत्येक वेळी पुन्हा मोजून. ब्लीचिंग पावडर व टीसीसीए एकत्र करू नयेत, आग लागते. क्लोरिनच्या कोणत्याही द्रव्याजवळ आम्ल नेऊ नये, विषारी वायू सुटतो. नेहमी द्रव्य पाण्यात घालावे, द्रव्यावर पाणी ओतू नये.

विहिरीचे पाणी, टँकरचे पाणी

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली आणि सूर्या, उसगाव, पेल्हार येथून शहराला नळाचे पाणी मिळते. परंतु वाडीतील तरणतलाव भरतो तो बहुधा विहिरीच्या, कूपनलिकेच्या अथवा टँकरच्या पाण्याने. ते पाणी बादलीत स्वच्छ दिसते. त्यात प्रथमच क्लोरिन पडतो आणि पाहता पाहता सारा तलाव चहाच्या रंगाचा होतो, तेव्हा मालक बिचारा पुडीवाल्याला दोष देतो. दोष पुडीचा नसतो. जमिनीखाली, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, लोह विरघळलेल्या व रंगहीन स्थितीत असते. क्लोरिनने त्याचे ऑक्सिडीकरण होताच ते गंजाच्या कणांच्या रूपाने बाहेर पडते. जे आधीपासून होते ते केवळ दिसू लागले, एवढाच त्याचा अर्थ, आणि ते बाहेर पडले हे चांगलेच झाले, कारण आता तुरटीने बसवून ते काढून टाकता येते.

विहिरीच्या पाण्यातील चुना असा एकाएकी प्रकट होत नाही. पाणी उघड्यावर फिरू लागले की त्यातील कर्बद्विप्राणील वायू निघून जातो, पीएच हळूहळू चढतो, आणि चुना पाण्याच्या रेषेवरील लाद्यांवर पांढऱ्या खरखरीत पट्टीच्या रूपाने बसतो. ती पट्टी दिसली की पीएच बरेच दिवस चढा राहिला होता असे समजावे.

मीठ ही मात्र या किनाऱ्याची स्वतःची कैफियत आहे. येथील वालुकामय जमिनीत गोडे पाणी समुद्राच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. आदर्श परिस्थितीत समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत ते खाऱ्या पाण्याला थोपवून धरते. वरचे पाणी उपसून एक मीटर उतरविले म्हणजे खालून खारे पाणी किती चढू शकते, हे या हिशेबावरून स्पष्ट व्हावे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीत टँकरच्या उपशाला जो विरोध झाला त्यामागे विहिरी खाऱ्या होण्याची हीच रास्त धास्ती होती. एका घरगुती तलावाला दहा हजार लिटरचे चारहून अधिक टँकर लागतात. म्हणून भरलेले पाणी न बदलता वर्षानुवर्षे टिकविणे हे येथे केवळ काटकसरीचे नव्हे, तर शेजाऱ्याच्या विहिरीप्रति असलेले कर्तव्य आहे.

आठ महिने आणि चार महिने

ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत येथे रोज सरासरी पाच मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरले, तर ३२ चौरस मीटरच्या तलावातून दिवसाला १६० लिटर, आणि आठ महिन्यांत जवळजवळ सव्वा मीटर, म्हणजे तलावाच्या खोलीइतकेच पाणी उडून जाते. वाफ होते ती शुद्ध पाण्याची; मीठ, चुना आणि सायन्यूरिक आम्ल मागे राहतात, आणि जागा भरून काढण्यासाठी ओतलेले विहिरीचे पाणी त्यांत आपली भर घालते. त्यामुळे वैशाखातील पाणी कार्तिकातील पाण्याच्या दुप्पट खारट निघाले तर नवल नाही.

मग पाऊस येतो, आणि हा सारा साठा धुऊन नेतो. दोन मीटर पाऊस म्हणजे तलावाच्या पृष्ठावर पडणारे ६४,००० लिटर पाणी, अर्थात तलावाच्या दीडपट. ते मिसळत आणि सांडत जाते, आणि सप्टेंबरअखेर जुन्या क्षारांपैकी साधारण चौथा-पाचवा हिस्साच मागे उरतो. ज्याला क्षार घालविण्यासाठी मे महिन्यात टँकर मागवावासा वाटतो त्याने महिनाभर कळ काढावी. तेच काम आकाश फुकट करणार आहे. सांडव्याची नळी तेवढी मोकळी असली पाहिजे.

परंतु हाच पाऊस अल्कता आणि सायन्यूरिक आम्लाचा उपयुक्त भागही नेतो, मातीचे कण आणतो, आणि त्यांच्याबरोबर फॉस्फेट म्हणजे शेवाळाचे खत. ढगाळ हवेत क्लोरिन कमी लागेल असा तर्क करून पुष्कळ जण जुलैत औषध कमी करतात आणि आठवड्यात तलाव हिरवा करून बसतात. शिवाय किनाऱ्याच्या दमट हवेत उघडी राहिलेली ब्लीचिंग पावडर आपली शक्ती झपाट्याने गमावते, म्हणून जूनमधला मापाचा पेला ऑगस्टमध्ये खोटा ठरतो. या काळात पेल्यावर विश्वास न ठेवता पाणी मोजावे. पाणी हिरवे झालेच तर भिंती घासून, पीएच ७.२ वर आणून, सूर्यास्तानंतर एरवीच्या कितीतरी पट क्लोरिन द्यावा आणि पाणी पुन्हा नितळ होईपर्यंत तो उतरू देऊ नये, पंप थांबवू नये. अर्ध्यावर सोडलेला उपचार शेवाळाला मारीत नाही, केवळ काही दिवस थोपवितो.

पावसाळ्यात तलावाचा उपयोग नाही, तर तो रिकामा करून ठेवू, हा विचार अनेकांना सुचतो, आणि या पट्ट्यात तो अत्यंत धोक्याचा आहे. जुलैत बावखले काठोकाठ भरतात, याचा अर्थ भूजल जमिनीच्या पृष्ठापर्यंत आलेले असते. तलावाच्या तळाखाली साचलेले हे पाणी, ते तळापेक्षा जितके मीटर वर असेल तितके टन, प्रत्येक चौरस मीटरला वर ढकलीत असते. पाणी तळाच्या वर १.३ मीटर आले तर ३२ चौरस मीटरच्या तळावर हा रेटा चाळीस टनांच्या वर जातो, आणि वीस सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या या मापाच्या रिकाम्या हौदाचे स्वतःचे वजन तीस-बत्तीस टनांच्या आसपास असते. तलाव भरलेला असताना आतील पाण्याचे वजन हा तोल सांभाळते. तो रिकामा केला की हौद होडीप्रमाणे उचलला जातो, निदान तळाला तडे जातात. दुरुस्तीसाठी पाणी काढावयाचेच असेल तर ते एप्रिल-मेमध्ये, शेजारच्या विहिरीची पातळी पाहून काढावे.

ताडपत्री टाकून तलाव झाकून ठेवण्यातही एक मेख आहे. ताडपत्रीच्या खोलगटांत साचलेले पाणी गोडे, स्थिर आणि क्लोरिनविरहित असते, आणि डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत अशा पाण्यात सात ते दहा दिवस पुरतात. तलाव सांभाळला आणि डास झाकणावर पोसले, असे होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा ते पाणी झटकून टाकावे लागते.

वापरलेल्या पाण्याची वाट

वाळू धुताना निघालेले तीन-चारशे लिटर पाणी आणि गाळासह ओढून काढलेले पाणी सोडावयाचे कोठे, याची तजवीज तलाव बांधण्यापूर्वीच व्हावयास हवी, कारण वाडीचा उतार बहुधा बावखलाकडे असतो. ज्या क्लोरिनमध्ये आपण निर्धास्त पोहतो त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही माशांच्या कल्ल्यांना इजा होते, आणि गाळातील ज्या जीवाणूंवर बावखलाचा सारा कारभार चालतो त्यांनाही तो सोडीत नाही. बावखलात वा विहिरीत हे पाणी जाऊ देणे म्हणजे पगार न घेता काम करणारी सारी मंडळी एका दिवसात घालविणे होय. बावखल हिरवे दिसते म्हणून त्यात ब्लीचिंग पावडर टाकण्याची कल्पनाही याच कारणास्तव त्याज्य आहे.

धुण्याचे पाणी उघड्या, उथळ खड्ड्यात दोन-तीन दिवस उन्हात राहू द्यावे. सायन्यूरिक आम्ल नसल्यास क्लोरिन पहिल्याच दुपारी उडतो, असल्यास अधिक वेळ लागतो. डीपीडीच्या गोळीने गुलाबी छटा येईनाशी झाली की ते सोडण्याजोगे झाले. मग ते माडांच्या आळ्यांत फिरवावे, कारण माड मिठाला सोसतो. केळी आणि पानवेल यांना मात्र ते देऊ नये, निदान वैशाखात तरी नाहीच. पाऊस लागून महिना उलटल्यावर, तलावातील क्षार उतरले म्हणजे, थोडे थोडे देऊन पाहण्यास हरकत नाही.